जेनेटिक टॉक्सिकॉलॉजीच्या परिषदेत ‘सिग’च्या बैठकीला जाताना

रॅटच्या अस्थिमज्जेची स्लाइड, गिम्सा या रंगाने रंगवलेली. लाल रक्तपेशी तयार होताना तिचं केंद्रक बाहेर टाकलं जातं. पण गुणसूत्राचा एखादा तुटका तुकडा मागे राहिला, तर तो पेशीत लहानशा गोल ठिपक्यासारखा दिसतो. हाच मायक्रोन्यूक्लियस. माझ्या स्लाइडवर असे ठिपके फारच होते, आणि तेही ज्यांना रसायन दिलंच नव्हतं त्या कंट्रोल गटातल्या प्राण्यांत. दोन आठवडे मी मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले, रंग बदलले, बफरचा पीएच पुन्हा पुन्हा तपासला. काही उलगडा होईना.

त्याच सुमारास जेनेटिक टॉक्सिकॉलॉजीची, म्हणजे रसायनांनी जनुकांना इजा होते का हे तपासणाऱ्या शास्त्राची, माझी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद होती. मोठ्या सभागृहात मायक्रोन्यूक्लियसवरच एक अख्खं सत्र झालं, पण तीनशे माणसांत हात वर करायचा धीर मला झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका लहान खोलीत तीस-पस्तीस जण जेवणाचे डबे घेऊन बसले होते. शेजारच्या वयस्क बाईंना मी फोनवर स्लाइडचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला आणि म्हणाल्या, “ठिपके एका मापाचे नाहीत, आणि काही तर पेशीच्या कडेबाहेर पडलेत. फुटलेल्या मास्ट पेशींचे कण आहेत हे. ॲक्रिडिन ऑरेंज लावून बघ.” परतल्यावर लावलं. त्या रंगात फ्लुओरेसन्सखाली डीएनए पिवळट हिरवा चमकतो आणि कोवळ्या रक्तपेशी आरएनएमुळे नारिंगी दिसतात. माझ्या ठिपक्यांपैकी बहुतेक हिरवे चमकलेच नाहीत.

ती खोली म्हणजे स्पेशल इंटरेस्ट ग्रुपची, विशेष रुची गटाची बैठक. सगळे तिला ‘सिग’ म्हणतात. आपल्याकडचे बरेच विद्यार्थी आणि लॅबमधली तरुण मंडळी खर्च करून इतक्या लांब परिषदेला जातात, पोस्टर लावतात, मोठी भाषणं ऐकतात आणि या खोल्यांकडे फिरकतही नाहीत. कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ही खोली आली कुठून

अमेरिकेत १९६९ साली अलेक्झांडर हॉलेंडर यांच्या पुढाकाराने एन्व्हायर्नमेंटल म्युटाजेन सोसायटी सुरू झाली. रोजच्या वापरातली रसायनं माणसाच्या जनुकांत उत्परिवर्तनं घडवत असतील का, ही त्यामागची चिंता होती. पुढे संस्थेच्या नावात जीनोमिक्स आलं आणि आज ती ईएमजीएस म्हणून ओळखली जाते. २०१९ साली वॉशिंग्टनला तिची पन्नासावी वार्षिक परिषद झाली. जगभरातल्या अशा संस्थांची मिळून आयसीईएम नावाची मोठी परिषद काही वर्षांच्या अंतराने भरते. पहिली १९७३ साली कॅलिफोर्नियात असिलोमारला झाली, तेरावी २०२२ साली कॅनडात ऑटावाला.

या क्षेत्राला छोट्या बैठकांची सवय सुरुवातीपासूनची आहे. याच सोसायटीच्या ‘कमिटी १७’ने १९७५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात पर्यावरणातल्या उत्परिवर्तकांच्या धोक्याबद्दल अहवाल छापला, आणि चाचण्यांच्या सक्तीची चर्चा त्याने पुढे नेली. १९९३ साली मेलबर्नला सुरू झालेल्या आयडब्ल्यूजीटी, म्हणजे या चाचण्यांवरच्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळांतही तेच दिसतं. टेबलाभोवती थोडे तज्ज्ञ बसतात, प्रत्येक जण आपापल्या लॅबचे आकडे समोर ठेवतो, आणि त्यातून निघालेली सहमती पुढे ओईसीडी या अनेक देशांच्या संघटनेच्या चाचण्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत (टेस्ट गाइडलाइन, म्हणजे ‘टीजी’) पोचते. डीएनए तुटला आहे का ते दाखवणारी, जिवंत प्राण्यातली कॉमेट चाचणी २०१४ साली टीजी ४८९ म्हणून आली, रक्तपेशींतल्या पिग-ए जनुकातली उत्परिवर्तनं मोजणारी पिग-ए चाचणी २०२२ साली टीजी ४७० म्हणून. दोन्हींच्या मागे अनेक लॅबनी वर्षानुवर्षं एकत्र बसून केलेलं काम आहे.

सिग ही या साखळीतली सर्वांत खालची आणि सर्वांत उघडी पायरी. तिथे बसायला तज्ज्ञ म्हणून निमंत्रण लागत नाही, परिषदेची नोंदणी केलेला कुणीही जाऊन बसू शकतो. हे आधी नीट ध्यानात घ्या, कारण आपल्यातले निम्मे लोक ‘आपल्याला बोलावलेलं नाही’ म्हणून बाहेरच थांबतात.

सहा महिने आधी

तारखा जाहीर झाल्या की प्रवासाची तयारी लगेच सुरू करा. परिषद अमेरिकेत असेल तर मुंबईच्या वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात. निमंत्रणपत्र आयोजकांकडून मागवता येतं. विद्यार्थ्यांसाठी आणि नव्या संशोधकांसाठी संस्थेचीच प्रवास-पारितोषिकं असतात, पण त्यांची मुदत बहुधा पोस्टरच्या सारांशाबरोबरच संपते. त्यामुळे सारांश शेवटच्या रात्री लिहायचा बेत असेल तर पैशांची संधी हातची जाते.

मग गट निवडा. ईएमजीएसमध्ये नियामक चाचण्यांशी जवळचा असलेला अप्लाइड जेनेटिक टॉक्सिकॉलॉजीचा गट आहे, डीएनए दुरुस्ती आणि उत्परिवर्तनाच्या यंत्रणेचा आहे, जननपेशी आणि वंशपरंपरेने उतरणाऱ्या परिणामांचा आहे, शिवाय आणखीही काही आहेत. गटांची नावं आणि जोडण्या अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीचा कार्यक्रम बघूनच ठरवा. औषध कंपनीत किंवा करारावर चाचण्या करणाऱ्या लॅबमध्ये असाल तर पहिला गट तुमचा. विद्यापीठात डीएनए दुरुस्तीवर पीएचडी करत असाल तर दुसरा. बैठका बहुधा नाश्त्याच्या किंवा दुपारच्या जेवणाच्या वेळी असतात आणि दोन गट एकाच वेळी येऊ शकतात. अशा वेळी अर्धा तास इथे आणि अर्धा तास तिथे करू नका. एकच गट धरा आणि शेवटपर्यंत बसा. खरी कामाची देवाणघेवाण शेवटच्या दहा मिनिटांत होते, तेही उभ्याने.

नोंदणीच्या फॉर्मवर जेवणाचा रकाना असतो. शाकाहारी असाल तर तिथेच खूण करा. क्षुल्लक वाटेल, पण त्या दुपारी उपाशीपोटी दुसऱ्यांचं ऐकणं फार अवघड जातं.

तीन आठवडे आधी: एक प्रश्न, एक चित्र

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळं यावरच ठरतं.

सिगमध्ये श्रोता म्हणून जायचं नसतं. स्वतःच्या टेबलावरचा एक अडलेला, लहान आणि नेमका प्रश्न घेऊन जायचं असतं. “मायक्रोन्यूक्लियस चाचणीत चुकीचे पॉझिटिव्ह कसे टाळावेत?” असं विचारलंत तर उत्तर पाठ्यपुस्तकातलं मिळेल. त्याऐवजी “विस्टार रॅट, गिम्सा, कंट्रोल गटात आमच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त ठिपके, काही पेशीबाहेर, हा फोटो” एवढं म्हणालात की समोरचा माणूस पुढे झुकतो.

प्रश्न तयार करताना स्वतःलाच आधी उलटतपासणीला बसवा. कुणीतरी पहिल्यांदा विचारणारच, “तुमचा हिस्टॉरिकल कंट्रोल डेटा काय सांगतो?” म्हणजे औषध न दिलेल्या प्राण्यांत तुमच्या लॅबमध्ये आजवर किती मायक्रोन्यूक्लियस दिसत आले? ओईसीडीच्या २०१४ नंतरच्या तत्त्वांत यासाठी किमान 10 प्रयोगांचा, शक्यतो 20 प्रयोगांचा साठा अपेक्षित आहे. दुसरा प्रश्न मोजणीचा. या चाचणीच्या टीजी ४७४ प्रमाणे आता प्रत्येक प्राण्याच्या किमान 4000 कोवळ्या रक्तपेशी मोजाव्या लागतात, पूर्वी 2000 पुरत. तुम्ही किती मोजल्या? स्लाइडना सांकेतिक क्रमांक होते का, की मोजणाऱ्याला गट ठाऊक होता? ही उत्तरं तोंडपाठ नसतील तर चर्चा तिथेच अडते आणि तुमच्या प्रश्नापर्यंत पोचतच नाही.

बॅक्टेरियात उत्परिवर्तनं होतात का ते बघणाऱ्या एम्स चाचणीचंही तेच. बॅक्टेरियाची कुठली जात, एस९ (यकृताचा विकरं असलेला अर्क) कुठल्या प्राण्याचं आणि किती टक्के, प्लेटवर थेट ओतलं की आधी मिसळून ठेवलं, द्रावक कोणता, पॉझिटिव्ह कंट्रोलच्या, म्हणजे परिणाम दिसायलाच हवा अशा ओळखीच्या रसायनाच्या, कॉलनी किती आल्या. एका ओळीत सांगता आलं पाहिजे.

चित्र एकच न्या. लॅपटॉप उघडून वीस स्लाइड दाखवायला तिथे वेळ नसतो. ए-फोर कागदावर रंगीत छापलेला एक फोटो किंवा एक आलेख, खाली तीन ओळी, कोपऱ्यात तुमचं नाव आणि ईमेल. पाच-सहा प्रती ठेवा. फोनवरचा फोटो दाखवून परत खिशात जातो, कागद मात्र समोरच्याच्या बॅगेतून त्याच्या लॅबपर्यंत पोचतो.

आता परवानगीचं. कंपनीचं काम असेल तर रसायनाचं नाव, रचना, कुठल्या ग्राहकाचं, यातलं काहीही लेखी परवानगीशिवाय बोलायचं नाही. तोंडी “हो, सांग की” चालत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला साहेबांनी असंच तोंडी हो म्हटलं होतं, आणि परतल्यावर त्याला खुलासा लिहून द्यावा लागला. सुटका सोपी आहे. बहुतेक अडचणी रसायनाच्या नसतात, पद्धतीच्या असतात. पद्धतीचा प्रश्न कंट्रोलच्या आकड्यांवर किंवा सगळ्यांना माहीत असलेल्या पॉझिटिव्ह कंट्रोलवर मांडता येतो, त्यात कुणाचं गुपित उघडं पडत नाही. तरीही कागद वरिष्ठांकडून आणि गुणवत्ता विभागाकडून पास करून घ्याच.

त्या खोलीत

दहा मिनिटं आधी पोचा. मागच्या रांगेत, दाराशी बसू नका. आपल्याला लहानपणापासून मोठ्या माणसांच्या मागे बसायची सवय असते आणि ती आदरातूनच आलेली आहे. पण त्या खोलीत मागे बसलेला माणूस दिसतच नाही. मधल्या भागात, ज्याच्या शेजारी एक खुर्ची रिकामी आहे अशा कुणाशेजारी बसा आणि बसताच आपलं नाव सांगा. तिथे प्राध्यापकांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. जीभ वळत नसेल तर आडनावाआधी ‘डॉक्टर’ लावा, कुणी हसणार नाही. आपलं नाव हळू उच्चारून दाखवा, ‘ज्ञानेश्वरी’सारखं असेल तर दोनदा. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. बरोबर उच्चार विचारून घेणारी माणसं तिथे बरीच भेटतात.

बैठकीचा क्रम साधारण ठरलेला असतो. गटाचे अध्यक्ष गेल्या वर्षीचा आढावा देतात, पदाधिकाऱ्यांची निवड होते, एखाद-दुसरं छोटं भाषण होतं, मग पुढच्या वर्षीच्या सत्रांसाठी विषय मागवतात, आणि उरलेला वेळ मोकळी चर्चा. पहिला भाग रुक्ष वाटतो, पण कान उघडे ठेवा. कुठल्या तत्त्वाची फेरतपासणी चालू आहे, कुठला गट अनेक लॅबमध्ये एकच चाचणी घेऊन बघतो आहे, कुणाला आणखी लॅब हव्या आहेत, हे तिथेच कळतं. वहीत तारीख घालून लिहा.

तुमचा प्रश्न मोकळ्या चर्चेत मांडा. एक मिनिट, त्याहून जास्त नाही: तुम्ही कोण, काय केलं, काय दिसलं, काय अडलं. मग थांबा. उत्तरं एकमेकांविरुद्ध आली तर चांगलंच. दोन अनुभवी माणसं तुमच्या फोटोवरून वाद घालू लागली की त्या पाच मिनिटांत जे शिकायला मिळतं ते लेखांतून मिळत नाही. कुणी काय सुचवलं ते नावासह टिपा.

पडद्यावरच्या स्लाइडचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तिथे अप्रकाशित आकडे विश्वासाने दाखवलेले असतात. त्यांचा फोटो कुणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला तर पुढच्या वर्षी तो माणूस काहीच दाखवणार नाही, आणि नुकसान सगळ्यांचं होईल.

टिपणं लिहायला कोण तयार आहे, असा प्रश्न कधीकधी येतो. सगळे ताटलीकडे बघतात. हात वर करा. मला माहीत असलेला हा सर्वांत सरळ रस्ता आहे. टिपणं लिहिणाऱ्याला सगळ्यांची नावं विचारावी लागतात, नंतर मसुदा सगळ्यांना पाठवावा लागतो, आणि महिन्याभरात गटातल्या प्रत्येकाला तुमचं नाव ठाऊक होतं. इंग्रजी फर्डं नसलं तरी चालतं. कुणी काय करायचं कबूल केलं आणि कधीपर्यंत, एवढं अचूक लिहिलंत की पुरे.

सत्राचा प्रस्ताव मांडायचा असेल तर

हे पहिल्याच वर्षी करायला हवं असं नाही. पण करता येतं, आणि आपल्याकडच्या लोकांनी करायला हवं असं मला मनापासून वाटतं. एक उदाहरण घेते.

२०१८ साली रक्तदाबाच्या व्हालसार्टन या औषधात एनडीएमए नावाचं नायट्रोसामाइन, म्हणजे कर्करोगाचा धोका असलेल्या गटातलं एक रसायन, सापडलं. औषधातल्या उत्परिवर्तक अशुद्धीसाठी आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एम७ या तत्त्वांमध्ये दिवसाला 1.5 मायक्रोग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा आहे. नायट्रोसामाइनं त्याहून घातक गटात धरली जातात आणि एनडीएमएला दिवसाला फक्त 96 नॅनोग्रॅमची मुभा मिळाली. त्यानंतर औषधातच तयार होऊ शकणाऱ्या शेकडो नायट्रोसामाइनांचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्यांना ही धावपळ वेगळी सांगायला नको.

चाचणीतली अडचण अशी. नायट्रोसामाइन स्वतः निष्क्रिय असतं, यकृतातली विकरं त्याला सक्रिय करतात. नेहमीच्या एम्स चाचणीतलं रॅटच्या यकृताचं एस९ यात कमी पडू शकतं. म्हणून सुधारित पद्धतीत रॅटबरोबर हॅमस्टरचंही एस९ वापरतात, दोन्ही 30 टक्के, आणि सगळं मिश्रण प्लेटवर ओतण्याआधी 30 मिनिटं उबवतात. डीएमएसओसारखा द्रावक विकरांच्या आड येऊ शकतो, म्हणून तो कमीत कमी ठेवतात. वाचायला सोपं आहे. करताना हॅमस्टरच्या एस९ची एक खेप दुसरीसारखी निघत नाही, आणि एकाच नायट्रोसामाइनच्या कॉलनी दोन लॅबमध्ये वेगळ्या येतात.

यावर प्रस्ताव लिहायचा तर एका पानात बसवा. शीर्षकातच प्रश्न असू द्या: एस९च्या खेपेनुसार निकाल किती बदलतो? मग आत्ताच हे सत्र का हवं ते चार ओळींत. मग चार वक्ते: एक विद्यापीठातला, एक उद्योगातला, एक नियामक संस्थेतला आणि एक नवखा. चौघं एकाच देशातले किंवा एकाच लॅबच्या परिवारातले नकोत, तसला प्रस्ताव लगेच मागे पडतो. वक्त्यांना आधी विचारून त्यांचा होकार घ्या. आणि गटातल्या कुणा जुन्या सदस्याला सहअध्यक्ष व्हायची विनंती करा. तुमच्याकडे विषय आहे, त्यांच्याकडे कार्यक्रम समितीचा अनुभव आहे. चार वक्त्यांत भारतातलं एखादं नाव असायला काहीच हरकत नाही. कॉमेट चाचणीची आज जगभर चालणारी अल्कधर्मी पद्धत १९८८ साली ज्यांच्या नावे छापली गेली, त्या लेखाचे पहिले लेखक नरेंद्र सिंग हे भारतीयच.

परतल्यावर

दोन दिवसांच्या आत ईमेल पाठवा, विमानतळावर बसून लिहिली तरी चालेल. तीन ओळी पुरेत: कुठे भेटलो, तुम्ही काय सुचवलं, मी काय करून बघणार आहे. आणि मग खरंच ते करून बघा आणि निकाल कळवा, बरा असो वा वाईट. मी ॲक्रिडिन ऑरेंजचे फोटो त्या बाईंना पाठवले तेव्हा उलट उत्तरात मज्जा सेल्युलोजच्या स्तंभातून गाळून केंद्रक असलेल्या पेशी काढून टाकायची कृती आली, त्यांच्या हस्ताक्षरातली, स्कॅन करून. आमच्या लॅबमध्ये आजही नव्या मुलांना तीच दाखवते.

लॅबमध्ये अर्धा तास मागून घ्या आणि ऐकलेलं सगळ्यांना सांगा, विशेषतः जे रोज स्लाइड मोजतात त्या टेक्निशियनना. त्यांना परिषदेला कुणी पाठवत नाही, पण ठिपका खरा की खोटा हे आधी त्यांनाच दिसतं.

आणि इथेही असा गट करता येतो. एन्व्हायर्नमेंटल म्युटाजेन सोसायटी ऑफ इंडिया आपल्याकडे आहे, तिच्या परिषदेत एक दुपार मागून बघा. तेवढंही नको असेल तर मुंबई-पुण्यातल्या चार-पाच लॅब पुरतात. सुरुवात अशी करता येईल: एका लॅबने कंट्रोल आणि पॉझिटिव्ह मिळून दहा स्लाइड निवडायच्या, त्यांवर सांकेतिक क्रमांक चिकटवायचे, किल्ली पाकिटात बंद करून गटाबाहेरच्या कुणाकडे ठेवायची. तीच पेटी एकीकडून दुसरीकडे फिरवायची. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने मोजायचं आणि आकडे दुसऱ्याला न दाखवता पाठवायचे. शेवटची लॅब मोजून झाली की एका शनिवारी दुपारी सगळ्यांनी, मोजणाऱ्या टेक्निशियनसकट, एकत्र बसायचं, आणि पाकीट तेव्हाच फोडायचं.